पर्सिदाकाकूचा गुरुवार

पर्सिदाकाकूला लग्नात आईकडून गाय मिळाली नाही, गुरुवार मिळाला. हसू नका. आमच्या वरच्या पाणचक्कीवर चौदा घरांचा हक्क. दोन आठवड्यांत प्रत्येक घराला दळणाचा एक दिवस, आणि एकाआड एक गुरुवार तिचा. पुढे नवरा गेला, दोन्ही मुली परक्यांचे म्हातारे सांभाळायला इटलीला गेल्या, डुकरं पाळणं झेपेना. गुरुवार तेवढा राहिला. त्या दिवशी बाई मक्याचं पोतं पाठीला लावून ओढ्याच्या कडेने चढायची. कुणी विचारलं, "कुठे काकू?" की म्हणायची, "माझ्या घरी." मग दिवसभर चक्कीच्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची. मी त्राइला, तिचा शेजारी, माझा शनिवार. सगळ्यात जास्त नावं मलाच.

गेल्या साली मका निघाला आणि चक्कीचं छप्पर खचलं. पाणी थेट दगडांवर गळायला लागलं. तेवढ्यात जिल्ह्याच्या कचेरीतून कोद्रुत्साबाई आल्या. म्हणाल्या, चक्की फार जुनी आहे, जपायला हवी, जुन्या वास्तूंच्या यादीत घातली की सरकारी सुतार बर्फाआधी छप्पर घालून देतील. आम्ही खूश! मग त्यांनी अर्ज काढला.

"मालकाचं नाव?"

"कुठल्या दिवसाच्या?" काकूने विचारलं.

"दिवसाच्या नाही हो आजी, चक्कीच्या."

"तेच विचारतेय बाई. सोमवारच्या चक्कीचा मालक हवा का गुरुवारच्या?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. अर्जात ओळ एकच होती. चौदा नावं लिहिली तर वरचे साहेब कागद परत पाठवतात म्हणे. झालं! जो तो बोलायला लागला. बुधवारवाला सोफ्रोनी ओरडला, "ज्याचं नाव लागेल तो उद्या दाराला कुलूप ठोकेल!" कुणी म्हणालं, चर्चचं नाव घाला. कुणी म्हणालं, मेलेल्या माणसाचं घाला, तो तरी भांडायला येणार नाही. तासाभराने मला कळेना, आपण चक्की वाचवतोय का वाटून घेतोय.

आणि मग मला अक्कल सुचली, जळली मेली ती अक्कल. मी म्हणालो, "ज्याचं नाव लागेल त्याने आपला वार सोडायचा. मग कोण कशाला हाव धरेल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि लगेच सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"थांब रे त्राइला," काकू म्हणाली. "नाव लागलं की अख्खी चक्की माझी?"

"कागदावर, हो."

"आणि दळायचं मात्र नाही?"

"नाही."

"आणि कुणीच नाव दिलं नाही तर?"

"मग चक्की काही यंदाचा हिवाळा काढत नाही, काकू."

काकू म्हणाली, "मला यातलं ओ की ठो कळलं नाही. पेन आण."

तिने सही केली. आणि मीच तो कागद उचलून बाईंच्या हातात दिला.

छप्पर झालं, झकास झालं. काकूचे गुरुवार पाळीपाळीने वाटून घ्यायला उरलेल्या तेरा घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पहिलीच चिठ्ठी निघाली माझी. माझंच नशीब!

त्या गुरुवारी मी दळत होतो. बघतो तर दारात काकू, पाठीला पोतं, उंबऱ्याच्या बाहेर उभी.

"त्राइला, माझ्यापुरतं पाणी उरेल का रे?"

"अगं, मालकीण तू! विचारतेस काय? आत ये."

"असेन मालकीण. वार तुझा आहे."

तिचा मका दळून झाला. ज्याचा वार नसतो त्याने दळणातलं वाटीभर पीठ वारवाल्याला ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. तिने वाटी भरली, वरून बोटाने सारखी केली आणि माझ्यापुढे धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नको गं काकू. लाजवू नकोस."

"घे. तू घेतलं नाहीस तर वार माझाच राहिला. मग सोफ्रोनी गावभर सांगेल, पर्सिदाने चक्की गिळली म्हणून."

मी पोत्याचं तोंड उघडून धरलं. तिने वाटी पालथी केली, आणि तळाला चिकटलेलं पीठ नखाने खरवडून तेही माझ्या पोत्यात टाकलं.