तांडेलांची घंटा

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षी, गणपतीविसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी, एस्तेर पाटोळे हिने आपल्या वडिलांना एक खरी गोष्ट सांगितली. सोमवारी तिचं कॉलेज बंद झालं. त्याच आठवड्यात तिला नगरला आत्याकडे पाठवण्यात आलं. ती तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती.

वडील दानिएल पाटोळे अग्निशामक दलात तांडेल होते. तांडेल म्हणजे एका बंबावरच्या जवानांचा प्रमुख. पुण्यात क्वार्टर गेटजवळच्या आमच्या बैठ्या चाळीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. मोठ्यांना ते तांडेल आणि त्यांच्या मुलांना अण्णा. मी नारायण पेठेतल्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. मधली भिंत विटांची होती, पण वरपर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे पुढचं बरंचसं मी स्वतः ऐकलेलं आहे. जे ऐकलेलं नाही, ते कोणाकडून कळलं ते सांगेन.

त्यांच्या दारामागे जुन्या बाजारातून आणलेली एक पितळी घंटा टांगलेली होती. ती तांडेल कधीही वाजवत. जेवताना, अभ्यास चालू असताना, पाहुणे बसलेले असताना. घंटा झाली की घरातल्या माणसाने हातातलं टाकून, पायात चपला घालून पुढच्या खोलीत उभं राहायचं. स्टोव्हवर काही असेल तर तो बंद करण्यापुरती सूट होती. मग धाकट्यापासून सुरुवात करून प्रत्येकाने आपल्या मनात राहिलेली एक गोष्ट सांगायची. खोटं बोललेलं, कोणावर धरलेला राग, लपवलेलं काही. तांडेल स्वतः शेवटी सांगत. प्रत्येकाचं झालं की ते म्हणत, “ते संपलं.” सगळ्यांचं झालं की डोळे मिटून म्हणत, “ये प्रभू, आम्ही तयार आहोत.”

प्रभू येशू परत येणार आहे, आणि तो वेळ कळवून येणार नाही, यावर त्यांचा विश्वास होता. तसा तो त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांचाच होता. तांडेलांनी फक्त त्याला बंबाची शिस्त लावली होती. “अहो पत्रकार,” ते मला म्हणाले होते, “आग लागल्यावर बूट शोधणारा जवान काय कामाचा? बूट आधीच खाटेखाली पाहिजेत, तोंड दाराकडे करून. तसंच मन.” पानशेतच्या पुरात ते ड्यूटीवर होते. त्या दिवशी त्यांनी एका म्हाताऱ्या जोडप्याला पाठुंगळी घेऊन एकेक करून बाहेर आणलं, हे त्यांच्या जवानांकडून कळलं. ते स्वतः वेगळंच सांगत. “लोकांना ओरडून सांगत होतो, निघा. लोक विचारत होते, नक्की किती वाजता येणार पाणी? अहो, पाण्याला काय टाइमटेबल असतं?” त्या पुरानंतर घरात घंटा आली.

मुलांनी त्यावर आपला मार्ग काढला होता. रोज नवं पाप होत नाही, आणि घंटेला रिकाम्या हाताने उभं राहिलेलं तांडेलांना चालत नसे. म्हणून एस्तेर आणि तिच्याहून लहान आनंद, दोघं आधीच जुळवाजुळव करून ठेवत. भिंतीवरून मला ऐकू येई.

“ताई, तुझ्याकडं काही आहे का? माझं सकाळीच वापरून झालं.”

“गुळाचा खडा खाल्ला म्हण.”

“ते परवा झालंय.”

“मग माझा घे. मी पाटणकर मॅडमना मनात म्हैस म्हटलं.”

“माझ्या शाळेत पाटणकर मॅडम नाहीत.”

“मग अण्णांना कुठं माहितीय?”

त्यांची आई सगुणाबाई रोज एकच सांगे, “कुरकुर केली.” तांडेल विचारत, “कोणावर?” ती म्हणे, “हवेवर.” तांडेल क्षणभर तिच्याकडे पाहत आणि म्हणत, “ते संपलं.”

पण हे शब्द ते पाळत, हेही नोंदवायला हवं. आनंदने एकदा माझ्या सायकलचा दिवा फोडला आणि घंटेला कबूल केलं. चाळीत दुसऱ्या कोणा मुलाने असं केलं असतं तर पट्टा निघाला असता. तांडेल त्याला घेऊन माझ्या दारात आले, त्याला माफी मागायला लावली, दुसऱ्या दिवशी नवा दिवा आणून बसवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मीच एकदा गमतीने काढला तर म्हणाले, “ते घंटेला झालंय. त्याच्यावर आता बोलायचं नाही.” मुलांचा या नियमावर भरवसा होता. एस्तेरचा जास्त होता.

त्या रविवारी मी त्यांच्या दारात उभा होतो. सकाळी त्यांच्याकडून वाचायला नेलेला मासिकाचा अंक परत द्यायला गेलो होतो. घंटा झाली. सगुणाबाई हात पुसत आल्या. आनंदने शाईची दौत सांडल्याचं सांगितलं. एस्तेरची पाळी आली तेव्हा तिने खाली न बघता सांगितलं.

“अण्णा, मी खोटं बोलले. गुरुवारी मी लायब्ररीत नव्हते. कात्रजला गेले होते, दत्ताच्या घरी. तो माझ्या वर्गात आहे. त्याची आई भेटली. परीक्षा झाली की तो तुमच्याकडे येणार आहे, लग्नाचं विचारायला.”

दत्ता शेतकरी घरातला, हिंदू. ते तिने सांगितलं नाही. नावावरून कळत होतं. तांडेलांनी तिच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाले, “ते संपलं.” सगुणाबाईंनी कुरकुर केल्याचं सांगितलं. तांडेलांनी एका जवानाला शिवी दिल्याचं सांगितलं. प्रार्थना झाली. मी अंक ठेवून परत आलो.

सकाळी एस्तेर पिशवी घेऊन निघाली तेव्हा तांडेल दारात उभे होते. “कुठं?”

“कॉलेजला.”

“ते बंद.”

“अण्णा, तुम्ही संपलं म्हणालात.”

“माफ केलं म्हणून संपलं म्हणालो. मारलं का तुला? शिवी दिली? माफी वेगळी आणि बंदोबस्त वेगळा. आग विझली तरी निखाऱ्यावर पाणी मारावं लागतं.”

“मग सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.”

“सांगितलंस ते चांगलं केलंस,” तांडेल म्हणाले. ते उपरोधाने बोलत नव्हते.

ती गेल्यानंतर पंधरवड्याच्या आत दत्ता चाळीत आला. उंच, बुजरा मुलगा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रयोगवही.

“तांडेलसाहेब, एस्तेर हाय का? तिची वही माझ्याकडं राहिली व्हती.”

“नाही.”

“कधी येणार हाय?”

“प्रभू यायच्या आधी नाही.”

मुलाला ते कळलं नसावं. त्याने वही पायरीवर ठेवली, हात जोडले आणि तो गेला. वही सगुणाबाईंनी उचलून आत नेली. तीन-चार वर्षांनी त्याचं घरच्यांनी लग्न लावल्याचं आनंदच्या कानावर आलं.

एस्तेरने पदवी घेतली नाही. तिने नगरला शिक्षिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि तिथल्याच एका प्राथमिक शाळेत लागली. तिने लग्न केलं नाही. पहिल्या वर्षी सगुणाबाई तिला भेटून आल्या तेव्हा ओट्यावर बसून मला म्हणाल्या, “भाऊ, पोरगी म्हणते, अण्णांनी एकदा घंटेला आपल्या पाळीत सांगावं, की मी एस्तूला दिलेला शब्द मोडला. एवढंच. मग मी पुण्याला येईन, तुमच्याजवळ राहीन.”

“तांडेलांना सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, त्यात माझं काय चुकलं?” मग त्या म्हणाल्या, “मीही वाट बघते हो प्रभूची. पण तो आला की चपला घातल्यात का ते बघणार नाही. पहिलं विचारील, पोरगी कुठंय?”

“हेही सांगितलंत?”

“ते सांगितलं तर उद्या घंटेला मलाच सांगावं लागेल, नवऱ्याला उलटून बोलले म्हणून.”

घंटा चालू राहिली. आनंद आता मोठा झाला होता आणि एकट्याने जुळवाजुळव करत होता. त्याने नोकरीची पहिली परीक्षा नापास झाल्याचं घरात सांगितलं नाही, सिगारेट ओढत असल्याचं सांगितलं नाही. घंटेला मात्र तो रोज काहीतरी देत असे. तांडेल समाधानी होते. एकदा त्यांच्या प्रार्थनासभेला मी त्यांच्या आग्रहावरून गेलो. तिथे त्यांनी उभं राहून साक्ष दिली. “माझ्या घरात काही लपलेलं नाही. आज, या घटकेला प्रभू आला तर माझी माणसं जशीच्या तशी उभी राहतील.” लोक ‘आमेन’ म्हणाले. सगुणाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदर नीट केला.

एस्तेर नाताळला येई, दुसऱ्या दिवशी परत जाई. त्या मुक्कामातही घंटा होई. ती पायात चपला घालून उभी राहायची आणि सांगायची, “भाजीत मीठ जास्त पडलं, ते मी कोणाला बोलले नाही.” किंवा, “एका मुलीला विनाकारण रागावले.” तांडेल म्हणत, “ते संपलं.” मग सगुणाबाईंचं होई. मग तांडेलांची पाळी येई, आणि एस्तेर त्यांच्याकडे पाहत असे. हे मी दोन नाताळांना पाहिलं. बाकीच्या नाताळांचं आनंदने सांगितलं. तांडेल सांगत ते खरं असे. रागाचं, उतावळेपणाचं, एकदा वरिष्ठांशी हुज्जत घातल्याचं. जे ती ऐकायला थांबलेली असे ते त्यांनी सांगितलं नाही. सगुणाबाई वारल्या त्या वर्षीही नाही.

तांडेलांच्या निवृत्तीनंतर आनंदने वारज्याला फ्लॅट घेतला आणि ते तिकडे गेले. घंटाही गेली. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तक्रार केली तेव्हा आनंदने आत कापड गुंडाळून तिचा आवाज कमी केला. मी तिकडे जाऊन-येऊन असे. आनंदचं लग्न झालं त्यानंतरच्या एका भेटीत स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला. तो बायकोला समजावत होता. “रोज एक सांगायचं. लहानसं. दूध उतू गेलं, असलं काहीतरी. खरं नाही सांगायचं.”

“पण अण्णा म्हणतात, सांगितलं की संपतं.”

“ताईला विचार,” आनंद म्हणाला.

बाहेर तांडेल मला सांगत होते, “सून चांगली मिळाली. पहिल्याच आठवड्यात मन मोकळं केलं तिनं. दूध उतू गेलं तेसुद्धा सांगितलं.”

मी त्यांना विचारलं, की एस्तेर पुण्याला राहायला का येत नाही, असं तुम्हाला वाटतं? ते म्हणाले, “नोकरी आहे तिची. आणि कुठं का राहीना, तयार आहे ती. माझी खात्री आहे.”

शेवटच्या आजारपणात त्यांना फुफ्फुसाचा त्रास होता. डॉक्टर म्हणाले, जन्मभराचा धूर आहे. रुग्णालयात घंटा नव्हती. तांडेल खाटेच्या लोखंडी दांड्यावर चमचा वाजवत आणि आनंद उभा राही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा एकदा म्हणाला, “अहो, चहा मागताय का? तो चारला येतो.” तांडेल म्हणाले, “जो येणार आहे त्याची वेळ ठरलेली नाही.” म्हातारा म्हणाला, “मग थंडच मिळणार.” तांडेल हसले. मग खोकत राहिले.

त्यांनी एस्तेरला बोलावून घेतलं. ती दुपारी आली, एस.टी.तून उतरून थेट. केस पांढरे झाले होते. मी आणि आनंद खाटेच्या पायथ्याशी होतो. तिने पिशवी खाली ठेवली आणि ती उभीच राहिली. तांडेलांनी चमचा उचलला, पण वाजवला नाही.

“एस्तू, काही राहिलंय का मनात?”

“कंडक्टरवर चिडले,” ती म्हणाली. “सुट्ट्यावरून.”

“ते संपलं. आणखी?”

“नाही, अण्णा.”

“माझ्याबद्दल?”

आनंदने तिच्याकडे पाहिलं.

“तुमची पाळी अजून व्हायची आहे,” ती म्हणाली.

तांडेलांनी मान हलवली. नियम त्यांचाच होता. त्यांनी डोळे मिटले आणि खरोखर विचार केला. कपाळावर आठ्या आल्या होत्या. आम्ही थांबलो. मधल्या वाटेने औषधांची गाडी गेली. मग त्यांनी डोळे उघडले.

“सकाळी नर्सवर ओरडलो,” ते म्हणाले. “तिचा काही दोष नव्हता.”

एस्तेरने खाली वाकून त्यांची चादर सारखी केली.

“ते संपलं,” ती म्हणाली.

“तयार आहोत मग आपण.”

“हो.”

दानिएल पाटोळे दुसऱ्या दिवशी पहाटे वारले. दुपारी दफन झालं. पाळकांनी कुटुंबातल्या कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारलं तेव्हा आनंद बोलला. एस्तेर कबरस्तानातूनच रिक्षा करून स्टँडवर गेली आणि नगरच्या गाडीत बसली. पुढच्या नाताळला ती आली नाही.