अध्यक्षांची पात्रता

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे, म्हणजे अध्यक्ष बोलतात तेव्हा मान डोलावतो. अध्यक्ष हेडमास्तरांच्या खुर्चीत बसतात. हेडमास्तर समितीचे सचिव, म्हणून ते पोरांच्या बाकावर. विषय पाण्याच्या टाकीचा असो की गळक्या छपराचा, अध्यक्षसाहेबांचं भाषण एकच. "आपली शाळा कॉन्व्हेंटले मागं टाकून राहिली! लेकरं इथंच शिकवा!" प्रत्येक वाक्याला टेबलावर एक थाप.

परवा दुपारी थापा रंगात आल्या असताना फाटकाशी अकोटच्या कॉन्व्हेंटची पिवळी गाडी थांबली आणि टाय लावलेला साहेबांचा मुलगा उतरला.

मला राहवेना. "भाऊ, पोरगी इथं अन् पोरगा तिकडं, असं काहून?"

ते तसूभरही ओशाळले नाहीत. "अरे बाप्पा, अध्यक्ष व्हाले शाळेत एक लेकरू तं पाह्यजे ना!"

मग खिडकीतून त्यांनी चौथीच्या वर्गाकडे हाक मारली. मुलगी फळ्यावरचं गणित अर्धवट टाकून धावत आली, भावाचं दप्तर पाठीवर घेतलं आणि त्याच्या मागे घराकडे चालू लागली.

साहेब पुन्हा टेबलाकडे वळले. "हां, तं मी काय सांगून राहिलो होतो?"

"लेकरं इथंच शिकवा," बाकावरून हेडमास्तर म्हणाले.