बांधावरच्या लिंबाचे दोन वाटे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती रोज त्याच लाकडाच्या टेबलावर माझ्यासमोर बसून जेवते.

तसा मी सुखी माणूस आहे. लोणी देवकरच्या कारखान्यातली ड्युटी संपली, की लासुर्ण्याला घरी यायचं आणि मागच्या शेडमध्ये चेनसॉ सुरू करायचा. ओंडक्यावर रुळासारखी आडवी शिडी ठोकून तिच्या आधारानं पहिला काप सरळ घ्यायचा, मग मशीनला लावलेली लोखंडी चौकट त्या कापावरून हळूहळू सरकवत न्यायची. फळी सुटते, आतला रंग पहिल्यांदा उजेडात येतो — त्या क्षणासाठी मी काय वाट्टेल ते करीन, असं गमतीत म्हणायचो. गमतीत?

आमच्या आणि हमीदभाईंच्या रानामधल्या बांधावर जुना कडुलिंब होता. वादळात तो उन्मळून पडला. बांधावरचं झाड दोघांचं, आणि आमच्याकडं त्याची रीत ठरलेली — एकानं वाटे घालायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचं. म्हणजे वाटे घालणाऱ्याला लबाडी करायला जागाच राहत नाही. नाही ना? मशीन माझी, म्हणून वाटे मी घातले. एकीकडं बुंधा, दुसरीकडं सगळ्या फांद्या.

बुंध्याला मुळाकडून भोक होतं, मूठ जाईल एवढं. हमीदभाई यायच्या आधी मी त्यात सळई घालून पाहिली. हातभर गेली आणि टणकन थांबली. पुढं सगळा भरीव. हे मला माहीत होतं — पक्कं माहीत होतं.

ते आले, भोकापाशी वाकले.

"बुंधा कसा हाय रं, दत्ता?"

"पोकळ हाय, भाई. पार वरपर्यंत खाल्लाय."

सळई माझ्यामागंच पडलेली होती. त्यांनी ती मागितली नाही. का मागतील? वडलांच्या वेळेपासूनचा शेजार. त्यांनी फांद्या उचलल्या आणि हसून म्हणाले, "तुझ्या वाट्याला ढोल आला की! वाजव आता लग्नसराईत." ट्रॉली भरता भरता त्यांना काय वाटलं कोण जाणे, एक जाड फांदी माझ्याकडं ढकलली. "घे. तुला न्हाय तर जळण बी पुरायचं न्हाय."

ती मी घेतली. खोटं बोललो त्यापेक्षा हे सांगायला जड जातंय.

ते लेकीकडं सोमेश्वरनगरला गेले, तेव्हा मी बुंधा कापला. लालसर, घट्ट रेषांचा, कडवट वासाचा. इतक्या देखण्या फळ्या मी त्याआधी काढल्या नव्हत्या, आणि — लपवून काय करू — मला आनंद झाला. सावलीत वाळवून त्यांचं टेबल केलं, घराला दार केलं. ते दार पावसाळ्यातही फुगत नाही. त्यावर हात फिरवला की आजही बरं वाटतं. लाज आणि समाधान एकाच हाताला कसं लागतं? लागतं.

पुढं हमीदभाईंनी नवी खोली बांधली. तिला पत्र्याचं दार बसवलं. एकदा चहाला आले, तर माझ्या दारापाशी बराच वेळ उभे राहिले.

"झ्याक लाकूड हाय. कुठनं आणलंस?"

"वखारीतनं."

"खोलीला असलंच पायजे हुतं बघ. आपला लिंब भरीव निघाला असता, तर तुझ्याकडनंच करून घेतलं असतं."

मी चहात साखर ढवळत राहिलो. त्यांच्या फांद्या तोवर चुलीत जळून गेल्या होत्या.

त्यानंतर सांगता आलं नसतं का? रोज बांधावर भेट होते, सणाला एकमेकांच्या घरी जेवण होतं. भांडणाची भीती नव्हती मला. ते "जाऊ दे रं" म्हणतील, हे ठाऊक होतं — आणि तेच ऐकायची हिंमत नव्हती.

त्या खोलीला अजून पत्राच आहे. खरं सांगितलं असतं, तर हमीदभाईंनी बुंधाच उचलला असता. म्हणजे तो त्यांचाच होता. मी त्यांचं एक दार देणं लागतो, चौकटीसकट.