उणे अठरातलं औषध

थंडोबा हे नाव त्याला कामावरच्या लोकांनी दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. स्वभावाने म्हणाल तर माणूस अगदी उलटा, राग सदा नाकाच्या शेंड्यावर. पण अर्धं आयुष्य कोल्ड स्टोरेजमध्ये गेलेलं. जाड कोट, कानटोपी, हातमोज्यांवर हातमोजे, आणि समोर छतापर्यंत रचलेले मटार, मका आणि मासळीचे खोके. मोठ्या खोलीतला काटा उणे अठराच्या जरा वर सरकला की याचा पारा त्याच्याआधी चढायचा. दार उघडं टाकणाऱ्या हमालाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मगच तो जेवायला बसे.

‘गार तेच खरं, बाकी सगळं सडणारं,’ हे त्याचं ब्रह्मवाक्य. शेजारच्या बाईने दूध नासल्याची तक्रार केली तरी हा तिला अर्धा तास शिकवणी देई.

घरात तो आणि थोरली बहीण, दोघंच. आई लवकर गेली आणि ताईने याला पोटच्या पोरासारखा वाढवला. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून इस्त्री करायची आणि घरी येऊन याचा अभ्यास घ्यायची. तिला स्थळं येत, तर ‘आधी बाबूचं होऊ दे’ म्हणून परतवायची. बाबूचं काही झालं नाही. एकीचं लग्न दुसऱ्यापायी राहिलं, दुसऱ्याचं जिभेपायी, आणि दोघं तशीच म्हातारी व्हायला लागली.

ताईला साखरेचा आजार होताच. गोळ्या पुरेनात तेव्हा डॉक्टरांनी इन्शुलिनची पेनं लिहून दिली. औषधाच्या दुकानदाराने खोका हातात ठेवून सांगितलं, "फ्रिजमध्ये ठेवा. चालू पेन बाहेर राहिलं तरी चालतं." एवढंच. समोर उभा कोण आहे हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

घरचा फ्रिज जुना होता आणि दिवे सारखे जायचे. थंडोबा म्हणाला, "हा फ्रिज कसला, दार लावलेलं कपाट आहे." आणि खोका उचलून त्याने थेट कामावर नेला. मोठ्या खोलीत, मटारच्या खोक्यांमागे, जिथे कुणाचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला. घरी येऊन छाती फुगवून सांगितलं, "इतकं जपून ठेवलेलं औषध राजाकडेसुद्धा नसेल."

आता सरळच सांगते. इन्शुलिन एकदा गोठलं की संपलं. वितळून पुन्हा पाण्यासारखं दिसलं तरी त्याचा भरवसा उरत नाही, ते टाकूनच द्यायचं असतं. कुणालाही विचारलं असतं तर हे कळलं असतं. पण ज्या गोष्टीवर आपलं पोट चालतं ती दुसऱ्याला कोण विचारतो? तेही थंडोबासारखा?

बाकी सगळं तो इतकं चोख करी की बघत राहावं. दर वेळी नवी सुई. आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब आलेला बघायचा. पोटावरची जागा रोज बदलायची. बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढायची. जुनं पेन संपलं की मटारमागून नवं आणायचं, वितळेपर्यंत फळीवर ठेवायचं आणि सुरू करायचं. एकदा एका पेनाची आतली काच तडकलेली निघाली, तर त्याने कंपनीला शिव्या घातल्या.

ताई एकदा पेन उजेडात धरून म्हणाली, "बाबू, यात कणी कणी दिसतेय रे."

"कणी तुझ्या डोळ्यात आहे. आण इकडे."

ताईने पेन दिलं आणि पदर सरकवून पोट पुढे केलं.

तिची साखर काही उतरेना. तहानेने जीव कासावीस व्हायचा, तांब्यावर तांबे रिचवायची. अंगावरचं मांस उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. औषध उत्तम आणि टोचणारा हुशार, मग चुकतंय कोण? थंडोबाला उत्तर शोधायला क्षणही लागला नाही. लहानपणी ताईला गोडाची आवड होती हे साऱ्या नात्यागोत्यात माहीत होतं.

"खातेस ना चोरून?"

"नाही रे. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊन मला मारू नकोस."

त्याने साखरेचा डबा कुलपात घातला. कामावरून आला की आधी तिला तोंड उघडायला लावायचा आणि वास घ्यायचा. तिची उशी झाडायचा, ट्रंक उपसायचा. एके दिवशी तिच्या पिशवीत त्याला एक लिमलेटची गोळी सापडली. साखर एकदम उतरून चक्कर आली तर तोंडात टाकायला जवळ ठेवा, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. ताई ते सांगायला गेली, पण ऐकतो कोण! ती गोळी घेऊन तो जिन्यात आला आणि शेजारपाजाऱ्यांना हाका मारून दाखवली. "बघा, पांढऱ्या केसांची चोर." माणसं हसली. ताईही त्यांच्याबरोबर हसली, दुसरं काय करणार?

अशात चपलेने तिच्या टाचेला फोड आला. तो फुटला, चिघळला, भरेचना. डॉक्टरांनी पाय बघून तोंड वाकडं केलं. "साखर खाली आली नाही तर हा पाय राहणार नाही. पथ्य पाळताय ना?"

ताईने तोंड उघडायच्या आत थंडोबा म्हणाला, "कसलं पथ्य! चोरून खाते. मी करून करून थकलो."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं, मान हलवली आणि डोस वाढवला. पुढच्या वेळी अजून वाढवला. पेनं कुठे ठेवता हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण दोष सापडलेला होता. थंडोबा वाढीव डोस तितक्याच नेमाने टोचत राहिला. पायाची बोटं काळी पडायला लागली तेव्हा त्याने ताईला भिंतीशी उभं केलं आणि म्हणाला, "आज कबूल कर. मी काही करणार नाही. फक्त कबूल कर."

ताईला उभं राहवत नव्हतं. किती दिवस नाही म्हणायचं? "हो," ती म्हणाली, "खाल्लं. चुकले मी."

थंडोबाला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! त्याने तिला धरून पलंगावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने पाणी पाजलं.

ताप चढला तेव्हा दवाखान्यात न्यावं लागलं. पाय गुडघ्याखाली कापला. ती जेवायखायला लागल्यावर घरच्याच डोसाने वॉर्डातलं इन्शुलिन सुरू केलं आणि त्याच दुपारी ताई घामाने निथळून बडबडायला लागली. साखर तळाला गेली होती. नर्सने धावत येऊन शिरेतून ग्लुकोज दिलं, ती शुद्धीवर आली, आणि मग नर्स थंडोबाला बाहेर घेऊन गेली.

"घरी खरंच एवढा डोस द्यायचात?"

"अगदी बरोबर. एक युनिट इकडचं तिकडे नाही."

"मग पेनं ठेवता कुठे?"

तो किंचित हसला. हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. "उणे अठरात. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये."

नर्सने हातातला तक्ता खाली केला. मग सावकाश म्हणाली, "अहो, गोठलं की ते मरतं. तुम्ही इतके महिने त्यांना पाणी टोचत होता. त्या चोरून खात होत्या म्हणून इथे सांगत होतात, ते कुणी सांगितलं तुम्हाला?"

थंडोबाने आधी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "तिला तुम्ही सांगू नका," एवढंच म्हणाला. "मी सांगतो."

"तुम्हीच सांगा. डॉक्टरांना मी सांगते," नर्स म्हणाली आणि आत गेली.

तो आत आला. ताई जागी होती. चादर जिथे सपाट झाली होती तिथे तिचा हात होता. त्याला बघून तिचे डोळे भरून आले.

"बाबू, तू एवढं केलंस. आणि मी मेलीने जिभेपायी पाय घालवला. मला माफ कर रे."

अरे मेल्या, सांग की! एक वाक्य होतं. खाल्लं नाही हे तिला माहीत होतं, पण इतक्यांनी इतक्या वेळा म्हटल्यावर तिचाही स्वतःवरचा विश्वास उडाला होता. त्या एका वाक्याने पाय परत आला नसता, पण ताई तरी तिची तिला परत मिळाली असती. थंडोबाने तोंड उघडलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "झालं ते झालं. इथून पुढे तरी नीट वाग."

आता पेनं घरच्या फ्रिजमध्ये असतात, मधल्या कप्प्यात. ताईने कारण विचारलं तर म्हणाला, कामावरचे नियम बदलले. साखर ताब्यात आहे. कुबड्या घेऊन ती दारापर्यंत जाते. शेजारीण म्हणते, "पाय गेला तेव्हा कुठे ताईंची जीभ वळणावर आली." ताई मान डोलावते आणि म्हणते, "भाऊ देवमाणूस आहे हो माझा. दुसरा असता तर कधीच टाकून दिलं असतं." थंडोबा तिथेच बसून पेनाला सुई लावत असतो. तो नाही म्हणत नाही.