ताप झाकणारी गोळी

आईच्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन अंबाजोगाईला झालं. ऑपरेशनआधीच्या सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पाण्याची एक गाठही दिसली होती. अशी गाठ बऱ्याच जणांना असते, त्रास नसेल तर तिला हात लावत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. टाके निघाले, आम्ही घरी आलो. वडील टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. त्यानंतर आईला थंडी वाजून ताप येऊ लागला. उजव्या बरगडीखाली दुखायचं, भाकरी जायची नाही. दवाखान्यात नेलं की मात्र ताप नसायचा आणि आई काही त्रास नाही म्हणायची. मला वाटायचं, आपणच उगीच घाबरतोय का?

एकदा तपासणीला निघताना तिनं चहाबरोबर तापाची गोळी गिळली. आत्ताच कशाला, असं मी विचारलं.

"उसाच्या फडात उतरायच्या आधी आमी सगळ्याच बाया खातोत," ती म्हणाली. "आजारी दिसलं की घरी बसवतेत, माय."

म्हणजे दवाखान्यात निघतानाही ती दरवेळी गोळी खात होती. तिला डॉक्टरांना फसवायचं नव्हतं. धडधाकट दिसायचं, एवढंच ती आयुष्यभर शिकली होती. दवाखान्यात एरवी वडीलच बोलायचे. त्या दिवशी मी बोलले. "डॉक्टर, आई गोळी खाऊन आलीय. प्रत्येक वेळी खाऊनच येते."

आईनं माझ्या हाताला चिमटा काढला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी लगेच रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. त्या पाण्याच्या गाठीत पू झाला होता. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं ते म्हणाले. त्यांनी गाठीत बारीक नळी टाकून पू काढला, सलाईनमधून औषधं सुरू केली. नळीला लावलेल्या पिशवीत जमणारं ते पिवळट पाणी पाहून आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, एवढा ऐवज पोटात घेऊन फिरत होते, कुणाला पत्ता न्हाई.

काही दिवसांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सिस्टरनं तापाची गोळी बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी थर्मामीटर पाहून ती म्हणाली, ताप नाही. मी आईकडं रोखून पाहिलं.

"न्हाई खाल्ली," आई म्हणाली. "तुझी शपथ."

मी व्हरांड्यात जाऊन वडिलांना फोन लावला. उतरला, एवढंच बोलता आलं. पलीकडं त्यांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "तू जेवलीस का?"

तेव्हा कुठं मला भूक लागली.