आबांचं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आणि सांगायला बसले तरी चीडच येतेय — कुणाची, ते कळेलच तुम्हाला.

सांगलीत माझा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास आहे. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. दारावर पाटी — 'चुकलं तरी चालेल, बोला!' ती पाटी मीच रंगवून घेतली. आता जिना चढताना मी तिच्याकडे बघत नाही.

तुम्ही कधी कुणाला 'वुई वेअर, दे वेअर' शिकवलंय? इतकी साधी गोष्ट! आम्ही किंवा ते म्हणायचं असेल तर 'वॉज' नाही, 'वेअर'. सगळे माना डोलावतात, वहीत बरोबर लिहितात, आणि तोंड उघडलं की पुन्हा 'वुई वॉज'. हळदीच्या पेढीवरचा कारकून असो की नर्सिंगची मुलगी. घसा बसायचा माझा, डोकं फिरायचं. मग मी एक युक्ती काढली. एक चुकीचं वाक्य फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी त्याला हसायचं आणि मग ते दुरुस्त करायचं. हसलं की लक्षात राहतं — खरंच राहतं. पण वाक्य आणायचं कुठून?

माझे वडील, आबा, लष्करात हवालदार होते. आता पाटणजवळ गावी असतात. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी सगळं पलटणीत ऐकून ऐकून शिकलेलं. पण बोलायचे बेधडक! बँकेत, एसटीत, माझ्या कॉलेजात प्राचार्यांपुढेसुद्धा. मला इंग्रजीची गोडी त्यांनीच लावली, हे कसं नाकारू? बर्फातल्या चौकीची एक गोष्ट ते सांगायचे, तीही नेहमी इंग्रजीतच. मराठीत ती त्यांना सांगवत नसावी — हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा वाटायचं, शायनिंग मारतात.

सुरुवात ठरलेली. 'वुई वॉज स्लीपिंग. दे वॉज आऊटसाईड.'

हेच मी फळ्यावर लिहायचे. एकदा नाही, प्रत्येक बॅचला. वर छाती काढून, आवाज जाड करून त्यांची नक्कल करायचे. कुणी विचारलंच तर सांगायचे, आमच्या गावाकडच्या एका म्हाताऱ्याचं इंग्रजी आहे. वर्ग खो-खो हसायचा. मलाही हसू यायचं — खोटं कशाला बोलू?

एकदा दुपारी आबा न कळवता आले. नव्या तांदळाची पिशवी घेऊन, दोन एसट्या बदलून. मी फळ्यावर लिहीत होते. लिहून वळले, छाती काढली, सुरुवात केली — आणि शेवटच्या बाकावर आबा. पिशवी मांडीवर.

काय करायला हवं होतं? 'हे माझे वडील', एवढंच ना? मी नक्कल पूर्ण केली. थांबले असते तर तो म्हातारा कोण, ते सगळ्यांना कळलं असतं. हशा ओसरल्यावर एका पोरानं मागं वळून विचारलं, "काका, तुमी बी क्लासला आलाय व्हय?"

"न्हाई रं," आबा म्हणाले. "पिशवी द्यायला आलोय."

मी ते ऐकलं. आणि म्हणाले, "पिशवी तिथं कोपऱ्यात ठेवा." सिलिंडरवाल्याला सांगतात ना, अगदी तसं. त्यांनी ठेवली आणि ते जिना उतरून गेले.

संध्याकाळी मी फोन केला. "तांदूळ नवा हाय, पाणी बेतानं घाल," म्हणाले. बाकी काही नाही. त्यानंतर त्यांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द मी ऐकलेला नाही. बँकेतही आता हळू आवाजात, मराठीतच बोलतात. आई म्हणते, वयानं गप्प झालेत. मी हो म्हणते. काय बाई आहे मी — हो म्हणते!

परवा माझी मुलगी सुट्टीला गावी जाऊन आली. आजोबांच्या मागं लागली होती, ती बर्फाची गोष्ट सांगा म्हणून. आबा तिला म्हणाले, "तुज्या आईला इचार. तिला बरोबर सांगता येतंय."

तिनं येऊन मला विचारलं. मी सुरुवात केली. वुई वेअर स्लीपिंग. दे वेअर आऊटसाईड.

"ते म्हणजे कोण?" तिनं विचारलं. "मग त्यांचं काय झालं?"

इंग्रजी कळायला लागल्यापासून प्रत्येक वेळी मी दुसऱ्याच वाक्याला आबांची चूक काढायचे आणि उठून जायचे. पुढचं मी कधी ऐकलंच नाही. बर्फात बाहेर कोण होतं, मला माहीत नाही.