राक्षस तेवढे उरले

मी नाशिक सोडलं त्या सकाळी पिंपळगावचा मामा आपल्या पॅकहाउसमधला द्राक्षं मोजायचा वजनकाटा जीपमध्ये घालून आला. विमानात किती किलो चालतात हे कळल्यापासून तो माझ्या प्रवासाचा सर्वाधिकारी झाला होता. "भाचेराव, एक्स्पोर्टचा माल आहे, ग्रेडिंग कडक होणार," म्हणत त्याने आधी मलाच काट्यावर उभं केलं आणि आकडा एवढ्या मोठ्याने वाचला की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या.

मग बॅगा. पहिली पास झाली. दुसरी चढली तेव्हा बाबा आतून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले. लहान, हिरवी, कडीला सुतळी बांधलेली. तीत त्यांनी आयुष्यभर काढलेली चित्रं होती. मामाने ट्रंक ठेवली, मान हलवली. एकतर ट्रंक, नाहीतर आईच्या कुरडया, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी, आजन्म खादाड माणूस, कुरडयांच्या बाजूने मत दिलं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पुढच्या खेपेला ने." आणि ट्रंक आत घेऊन गेले.

कॅनडात त्या कुरडया मी तीन महिन्यांत संपवल्या. पुढच्या खेपा बऱ्याच झाल्या. दर खेपेला काट्यावर दुसरंच काहीतरी चढलं.

बाबा शाळेत चित्रकला शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत. शूर राजे, संत, पुराणातली हट्टी मुलं. नाशिकचा एक छोटा प्रकाशक ती बत्तीस पानी पुस्तकं छापायचा आणि इतकी वाईट छापायचा की प्रत्येक वीराच्या ओठांचा लाल रंग गालावर आलेला असे. "खरं चित्र ट्रंकेत आहे," बाबा म्हणायचे, "हा नुसता निरोप."

मॉडेल म्हणून आमची गल्ली राबायची. ध्रुव व्हायला शेजारचा मन्या, कारण तो गोरा, बारीक आणि कायम रडवेला. सगळ्या मातोश्री म्हणजे आमची आई. तिने शेंगा निवडता निवडता अर्ध्या भारतवर्षातल्या शूरांना जन्म दिला. संतांसाठी गार्डकाका, मनमाडहून रिटायर झालेले रेल्वेचे गार्ड. चेहरा असा शांत की समोरून मेल गेली तरी पापणी हलणार नाही.

"मास्तर, डोळे मिटले की झोप लागते हो," ते तक्रार करायचे.

"लागू द्या. समाधी तशीच दिसते."

आणि राक्षस? राक्षस मी. बकासुरापासून पुढचे सगळे. गाल होते, पोट होतं, आणि तोंड उघडायला सांगावं लागत नसे. बाबा मला पाटावर उभं करून ओरडायचे, "अजून उघड! राक्षस आहेस, लाजतोस काय?" मी गर्जना करायचो, आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "हळू रे, दूध उतू जातंय." शाळेत पुस्तक आलं की पोरं मला ओळखायची आणि मी मधल्या सुट्टीत सह्या करायचो. मन्याला कोणी सही मागत नसे. ध्रुव न झाल्याचं दुःख मला कधीच झालं नाही.

इकडे आल्यावर हे सगळं मी पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपला पदार्थ आणायच्या जेवणांना, सांगायचो. पाहुणे हसायचे, माझी मुलगी ईरा सोफ्यावर चढून बकासुर करून दाखवायची. मी सगळ्यांना सांगायचो, एकदा जाऊन सगळी चित्रं स्कॅन करणार, पुस्तकं नव्याने काढणार, नीट रंगात, खाली इंग्लिश. एक महागडा स्कॅनरही घेतला. बेसमेंटमध्ये त्यावर सध्या ईराचे स्केट्स असतात.

मग आमची जुनी बिल्डिंग पाडायचं ठरलं आणि आईबाबा भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. त्याच आठवड्यात बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. काचबिंदू. उजवा गेलाच होता, डावा वाचवायचा होता. सामान आई एकटीने आवरत होती. माळ्यावरची ट्रंक तिने उघडली. आत ओल शिरलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, देवांच्या नाकांपर्यंत भोकं.

माझी आई ज्या घरात वाढली तिथे देवाचं फाटकं चित्र घरात ठेवत नाहीत. रद्दीत तर नाहीच नाही. ते पाण्यात सोडतात. तिने प्रत्येक चित्राला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, रिक्षा केली आणि सगळं गंगेवर नेलं. आम्ही नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. तिथे पालिकेचा माणूस म्हणाला, "आजी, पाण्यात नका टाकू, त्या कलशात टाका." आई त्याला म्हणाली, "संत आहेत ते, निर्माल्य नाहीत," आणि तो दुसरीकडे वळला तेवढ्यात तिने काम उरकलं. पोस्टर कलर पाण्याला फार वेळ तोंड देत नाही. आई सांगते, घाटाच्या कडेला थोडा वेळ केशरी दिसलं, मग निळं, मग काही नाही.

तिने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज पुण्य लागल्यासारखा होता.

"आई, ती ओरिजिनल होती!"

"अरे, पुस्तकं छापली ना? मग हे कच्चंच होतं की."

मग तीच पुढे म्हणाली, "तुझी ठेवलीत हो. ज्यांत राक्षस एकटेच होते, ती. राक्षस गंगेत कसे सोडायचे? आणि रद्दीत घालायचे तर तोंड तुझं."

तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. अकरा राक्षस, सगळे मी, सगळे आ वासून. ईराने एकेक नीट पाहिला आणि विचारलं, "डॅडी, पण हे कुणावर ओरडतायत? समोर तर कोणीच नाही."

बाबा घरी आले आणि त्यांनी पहिल्यांदा ट्रंकच विचारली. तोवर आईला आपण काय केलं ते उमगलं होतं. ती घाबरली आणि म्हणाली, "धाकट्याने मागवून घेतली. कॅनडाला जाणारं एक कुटुंब होतं, त्यांच्याबरोबर पाठवली." धाकटा म्हणजे मी. आई सांगते, बाबा पलंगावरून उठून उभे राहिले. "नेली शेवटी!" एवढंच म्हणाले आणि शेजारी सांगायला गेले.

तेव्हापासून दर रविवारी, आमच्या सकाळी, त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. स्क्रीनवर त्यांना उजेडाच्या डागापलीकडे काही दिसत नाही. मी बेसमेंटमध्ये कोऱ्या भिंतीसमोर उभा राहतो आणि चित्रं दाखवतो.

"कुठे लावलीस?"

"पूर्वेच्या भिंतीला."

"गाढवा, ऊन येईल! भगवा उडतो उन्हाने."

पुढच्या रविवारी मी सगळं प्रदर्शन उत्तरेला हलवलं. फ्रेमा केल्या, काचा बसवल्या, गोऱ्या पाहुण्यांकडून वाहवा मिळवली. गार्डकाकांच्या समाधीसमोर एक बाई रडली असंही सांगितलं. मी चांगला नट आहे. तयारी बाबांनीच करून घेतली होती. एकदा मात्र राहवलं नाही. "बाबा, ती चित्रं..." म्हणालो आणि त्यांच्या पाठीमागे आईने हात जोडलेले दिसले. "...फार सुंदर आहेत हो," असं वाक्य पुरं केलं.

या उन्हाळ्यात त्यांनी मागितलं. "सगळी नकोत," म्हणाले. "ध्रुवाचं एकच घेऊन ये, सपाट पाकिटात घालून. त्यातल्या आकाशाचा निळा मी आठ दिवस मिसळत होतो, तो एकदा पुन्हा बघू दे. चित्र डोळ्याला चिकटवून धरलं तर डाव्याला अजून रंग कळतो."

मी तिकीट काढलं, रद्द केलं. मुलीची शाळा सांगितली, मग ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज, मग बर्फ. आई हल्ली विचारत नाही. मी कशाची वाट बघतोय ते तिला कळलंय. तो डावा डोळा जाईल, मग मी जाईन, पाकिटात कोरा कार्डशीट घेऊन, आणि बाबा तो हातात धरून निळ्याबद्दल बोलतील. असं ठरवणाऱ्या मुलाला घर आहे म्हणावं की नाही, हे इकडे आलेल्यांनी आणि तिकडे राहिलेल्यांनी ठरवावं. मला विचाराल तर घर म्हणजे आता भाड्याच्या फ्लॅटमधली एक खुर्ची आहे. तिच्यावर माझे बाबा दिवसभर डोळे मिटून बसतात. वापरल्याने डोळा झिजत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगून झालंय.

"तू घाई करू नकोस," गेल्या रविवारी ते म्हणाले. "टीव्ही सोडलाय, पेपरही बंद केलाय. तू येईपर्यंत डोळा पुरवतो मी."